व्हेर्चेल्लीचे पांढरे सदरे

मिलानहून तूरिनला आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशाला उन्हाळ्याच्या आरंभीं वाटेंत एक अनपेक्षित देखावा दिसतो. दोहों बाजूंना मैलच्या मैल पाणी साचलेलें असतें, त्या पाण्यांत आल्प्स पर्वताच्या बर्फाच्छादित शिखरांचीं प्रतिबिंबें पडलेलीं असतात आणि बांधांनीं आखलेल्या चौकोनांतून भाताचे कोवळे कोंब वर डोकावत असतात. द्राक्षें आणि ऑलिव्ह यांच्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या इटलींत हा कोंकणचा देखावा कोठून आला, असें एखाद्या मराठी प्रवाशास वाटल्यास नवल नाहीं. हा व्हेर्चेल्लीचा मुलूख. भाताचें पीक येथें शतकानुशतकें होतच आलें होतें; १८६६ सालीं पुऱ्या झालेल्या काव्हूर कालव्यानें पो नदीचें पाणी या सपाट प्रदेशांत खेळविलें आणि त्या पिकाला खरी भरभराट आली.

व्हेर्चेल्ली हें या मुलखाचें बाजाराचें गांव. सेझिया नदीच्या कांठीं वसलेलें, विसाव्या शतकाच्या आरंभीं सुमारें तीस हजार वस्तीचें. तेराव्या शतकांत उभारलेलें संत आंद्रेआचें भव्य मंदिर आणि मुख्य देवळाच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेली दहाव्या शतकांतील एक प्राचीन इंग्रजी पोथी, या दोन गोष्टींसाठीं विद्वान लोक वाट वांकडी करून येथें येतात. इंग्लंडांत लिहिलेली ही पोथी आल्प्स ओलांडून या गांवीं कशी आली, हें कोडें त्यांना अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. परंतु इंग्रजांची दुसरी एक वस्तु या गांवांत कशी आली आणि गांवानें तिचें काय केलें, ही हकीकत मात्र तारीखवार सांगतां येते. ती वस्तु म्हणजे फुटबॉल. १९०८ पासून १९२२ पर्यंतच्या अवघ्या पंधरा वर्षांत या भाताच्या पेठेनें इटलीचें अजिंक्यपद सात वेळां पटकावलें. रोम या राजधानीच्या दोन प्रख्यात क्लबांनीं २००१ सालापर्यंत मिळविलेल्या अजिंक्यपदांची बेरीज पांच भरते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सात या आंकड्याचें वजन कळतें.

इटलींत फुटबॉल आला तो बंदरांतून आणि गिरण्यांतून. १८९३ सालीं जेनोआ येथें इंग्रज व्यापारी मंडळींनीं क्लब काढला. १८९९ सालीं मिलानमध्यें नॉटिंगहॅमचा हर्बर्ट किल्पिन हा क्लबस्थापनेंत पुढें होता. या क्लबांच्या नांवांतसुद्धां क्रिकेट हा शब्द होता. इंग्रज वा स्विस साहेब खेळत आणि चार हौशी इटालियन तरुण त्यांच्याबरोबर धांवत, असा एकंदर थाट. व्हेर्चेल्लीची गोष्ट वेगळी. तेथें १८९२ सालीं एक व्यायामसंस्था स्थापन झाली होती. आपल्याकडील तालमीशीं तिची तुलना करतां येईल: शरीर कमवावें, तलवारीचे हात शिकावे, शिस्त अंगीं बाणवावी आणि गांवाचें नांव राखावें, हा तिचा उद्देश. नांवच ‘प्रो व्हेर्चेल्ली’, म्हणजे लॅटिन भाषेंत ‘व्हेर्चेल्लीसाठीं’. १९०३ सालीं मार्चेल्लो बेर्तिनेत्ति नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणानें, तूरिनमध्यें पाहिलेला हा नवा खेळ या तालमींत आणला. बेर्तिनेत्ति हा मूळचा तलवारबाज. पुढें तो डॉक्टर झाला, आणि १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिक सामन्यांत इटलीच्या तलवारबाज संघांतून त्यानें सुवर्णपदकें मिळविलीं. फुटबॉल हा त्याच्या आयुष्यांतला आडवाटेचा प्रसंग म्हणावा लागेल. पण गांवाच्या आयुष्याला त्यानें वळण लागलें.

तालमींत जन्मल्यामुळें या संघाच्या अंगीं एक गुण पहिल्यापासून आला. इतर ठिकाणीं फुटबॉल म्हणजे रविवारची करमणूक होती. येथें ती साधना झाली. धांवणें, उड्या, दम वाढविणें, चेंडू एकमेकांकडे अचूक देणें, या गोष्टी नेमानें घोटल्या जात. सामन्याच्या उत्तरार्धांत समोरचा संघ धापा टाकूं लागे, तेव्हां व्हेर्चेल्लीचे गडी जणूं नुकतेच मैदानांत उतरल्यासारखे खेळत. सदरे साधे पांढरे. ‘सिंह’ ही पदवी त्यांना लोकांनीं दिली, आणि ती त्यांच्या नांवाला कायमची चिकटली. संघाचा कणा म्हणजे हाफबॅकची फळी: मध्यें कप्तान जुझेप्पे मिलानो, बाजूला ग्विदो आरा आणि पिएत्रो लेओने. पुढें गोल करण्यास कार्लो रांपिनि. हे बहुतेक सारे गांवचे किंवा गांवाजवळचे पोरगे. फुटबॉल हा कुमारिकांचा खेळ नव्हे, हें आराच्या नांवावर चालणारें वाक्य इटलींत म्हणीसारखें रूढ झालें आहे. आरा व त्याचे सोबती अंगाला अंग भिडवून खेळत, त्यांत कोणाची हाडें शेकलीं तर खेद मानीत नसत. मात्र त्याच सुमारास व्हेर्चेल्लीच्या भातशेतांत बायामुली गुडघाभर पाण्यांत दिवसभर वांकून निंदणी करीत होत्या, आणि १९०६ सालीं आठ तासांच्या दिवसासाठीं त्यांनीं मोठा लढा दिला. आराचें तें वाक्य त्यांच्या कानांवर गेलें असतें तर त्यांना हंसूंच आलें असतें.

१९०७ सालीं दुय्यम वर्गाची स्पर्धा जिंकून प्रो व्हेर्चेल्ली वरच्या वर्गांत आला, आणि पुढच्याच वर्षीं देशाचा विजेता झाला. या पहिल्या विजयाला मात्र एक गालबोट आहे आणि तें लपविण्यांत अर्थ नाहीं. फुटबॉल मंडळानें त्या वर्षीं परदेशी खेळाडूंना मुख्य अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत मज्जाव केला. निषेध म्हणून जेनोआ, मिलान आणि तोरिनो हे मातबर क्लब बाजूला राहिले. जुव्हेंटसला आणि उरलेल्या संघांना हरवून व्हेर्चेल्लीनें पद मिळविलें खरें, पण अंगणांत मोठे पहिलवान नसतांना मारलेली ती कुस्ती होती. ही शंका पुढच्या वर्षीं फिटली. १९०९ सालीं मोठे क्लब परत आले आणि तरीहि विजेता व्हेर्चेल्लीच ठरला. परदेशी खेळाडूंच्या याच वादांतून १९०८ च्या मार्च महिन्यांत मिलान क्लबांत फूट पडली, आणि सर्व राष्ट्रांच्या खेळाडूंना दारें उघडीं ठेवणारा ‘इंटरनात्सिओनाले’ हा नवा क्लब जन्मास आला. एका बाजूला सारे गांवचे पोरगे, दुसऱ्या बाजूला स्विस खेळाडूंचा भरणा असलेला महानगराचा क्लब. या दोघांची गांठ पडणें अटळ होतें. ती १९१० सालीं पडली.

त्या वर्षीं साखळी सामन्यांच्या अखेरीस दोघांचे गुण समान झाले. निकालासाठीं आणखी एक सामना व्हेर्चेल्लींत खेळवावयाचें ठरलें आणि मंडळानें २४ एप्रिल ही तारीख नेमली. व्हेर्चेल्लीचे कांहीं खेळाडू त्या वेळीं लष्करांतील स्पर्धेंत गुंतलेले होते. क्लबानें तारीख पुढें ढकलण्याची विनंती केली. इंटरनात्सिओनालेनें नकार दिला. मंडळानेंहि तारीख बदलली नाहीं. येथें शहाण्या माणसानें तक्रार नोंदवून, हाताशीं असतील ते गडी घेऊन सामना खेळला असता. व्हेर्चेल्लीनें तसें केलें नाहीं. नेमलेल्या दिवशीं पांढरे सदरे घालून मैदानांत उतरलीं तीं क्लबाच्या चौथ्या संघांतील शाळकरी पोरें. समोर मिलानचे दणकट बापये. सामना १० विरुद्ध ३ गोलांनीं संपला आणि इंटरनात्सिओनालेच्या नांवापुढें पहिलें अजिंक्यपद लागलें. पोरांनीं तीन गोल केले, ही गोष्ट मात्र व्हेर्चेल्लींत पुढें अभिमानानें सांगितली जाऊं लागली.

मंडळ संतापलें. क्लबावर वर्षअखेरपर्यंतची बंदी आली. ती पुढें माफ झाली खरी, पण नुकसान व्हायचें तें होऊन गेलें. कारण त्याच मे महिन्याच्या १५ तारखेला मिलानमध्यें इटलीच्या राष्ट्रीय संघाचा इतिहासांतील पहिला सामना फ्रान्सशीं झाला. इटलीनें तो ६ विरुद्ध २ गोलांनीं जिंकला, आणि देशांतील उत्तम खेळाडू ज्या क्लबांत होते त्या क्लबाचा एकहि माणूस त्या संघांत नव्हता. त्या दिवशीं राष्ट्रीय संघानें पांढरे सदरे घातले होते. तो व्हेर्चेल्लीला केलेला मुजरा होता, असें सांगणारे लोक आहेत. ही आख्यायिका गोड आहे, परंतु सरळ गोष्ट एवढीच कीं राष्ट्रीय संघाचा रंग तोंवर ठरलेलाच नव्हता. निळा रंग १९११ च्या जानेवारींत आला. तो हट्ट योग्य होता कीं नाहीं, यावर मतभेद होऊं शकतो. विनंती रास्त होती आणि नकार कोता होता, हें मान्य करूनहि, लहान मुलांना मोठ्यांच्या भांडणांत उभें करणें हा मानीपणाचा अतिरेकच म्हटला पाहिजे. पण या गांवाचा स्वभाव त्या एका दुपारीं जितका स्पष्ट दिसला तितका तो सात विजयांतहि दिसला नाहीं.

यानंतरचीं तीन वर्षें सरळ आहेत. १९११, १९१२ आणि १९१३ हीं तिन्ही अजिंक्यपदें व्हेर्चेल्लीचीं. अंतिम फेरींत व्हिचेंत्सा, व्हेनिस आणि रोमचा लात्सिओ हे संघ समोर आले आणि कोसळले. व्हेनिसवर दोन सामन्यांत मिळून तेरा गोल झाले, लात्सिओवर एकाच सामन्यांत सहा. लात्सिओ हें नांव ध्यानांत ठेवण्याजोगें आहे; तें पुढें पुन्हां येणार आहे. १ मे १९१३ रोजीं तूरिनमध्यें इटलीनें बेल्जियमला १ विरुद्ध ० असें हरविलें, तेव्हां अकरा खेळाडूंपैकीं नऊ प्रो व्हेर्चेल्लीचे होते आणि एकुलता एक गोल ग्विदो आराचा होता. तीस हजार वस्तीच्या गांवानें राष्ट्राच्या संघाचे अकरांतील नऊ गडी पुरवावे, हें दुसऱ्या कोणत्या देशांत घडल्याचें ऐकिवांत नाहीं.

याच मे महिन्यांत इंग्लंडचा रेडिंग हा धंदेवाईक संघ इटलीच्या दौऱ्यावर आला आणि त्यानें व्हेर्चेल्लीला तब्बल सहा गोलांनीं पाणी पाजलें. व्यायाम आणि जिद्द यांच्या बळावर इटलींत सिंह होतां येतें. परंतु ज्या देशांत हा खेळ उपजीविकेचें साधन झाला होता तेथील सामान्य संघापुढेंहि हौशी कला किती तोकडी पडते, हें त्या दिवशीं दिसून आलें. आणि गंमत अशी कीं त्याच रेडिंगला त्या दौऱ्यांत एकच पराभव पत्करावा लागला, तो व्हेर्चेल्लीच्या शेजारच्या कासाले या गांवाकडून! कासालेचा क्लब राफाएले याफ्फे नांवाच्या शिक्षकानें १९०९ सालीं काढला होता, आणि व्हेर्चेल्लीच्या पांढऱ्या सदऱ्यांना आव्हान म्हणून आपल्या मुलांना मुद्दाम काळे सदरे दिले होते. १९१४ चें अजिंक्यपद कासालेनें घेतलें. व्हेर्चेल्ली, कासाले, नोवारा आणि अलेस्सांद्रिया या चार गांवांना इटलींत फुटबॉलचा ‘पिएमोंतचा चौकोन’ म्हणत. ज्यू कुळांत जन्मलेल्या याफ्फेचा अंत पुढें १९४४ सालीं आउश्विट्झच्या छळछावणींत झाला.

१९१४ च्या उन्हाळ्यांत प्रो व्हेर्चेल्लीचा संघ ब्राझीलला गेला. साओ पाउलो येथें इटालियन मजुरांची व कारागिरांची मोठी वस्ती होती. मायदेशांतील संघ पाहून त्या लोकांना भरतें आलें, आणि तोरिनो व प्रो व्हेर्चेल्ली यांच्या या भेटींनंतर त्यांनीं ऑगस्ट महिन्यांत स्वतःचा क्लब स्थापन केला. तोच आज पाल्मेइरास या नांवानें ब्राझीलमधील अग्रगण्य क्लबांपैकीं एक आहे. संघ परदेशांत असतांनाच युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटला. पुढील वर्षीं इटली युद्धांत उतरली. कप्तान जुझेप्पे मिलानोचा धाकटा भाऊ फेलिचे, जो पांचहि अजिंक्यपदांत खेळला होता, १९१५ सालीं रणांगणावर पडला.

युद्ध संपल्यावर वाटलें कीं जुने दिवस परत आले. नव्या दमाचे पोरगे तयार झाले, त्यांत व्हिर्जिनिओ रोझेत्ता नांवाचा विलक्षण शांत डोक्याचा फुलबॅक होता. १९२१ सालीं पीसाला २ विरुद्ध १ असें हरवून सहावें पद मिळालें. मग आला १९२१-२२ चा हंगाम, आणि या हकीकतींतील सर्वांत विचित्र पेंच. मोठ्या क्लबांचें म्हणणें असें कीं वरच्या वर्गांत संघांची खोगीरभरती झाली आहे, ती कमी करावी. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या व्हित्तोरिओ पोझ्झो यानें तशी योजना आंखली. लहान क्लबांनीं ती बहुमतानें हाणून पाडली. तेव्हां चोवीस मोठे क्लब फुटून निघाले आणि त्यांनीं वेगळा महासंघ काढून स्वतंत्र स्पर्धा भरविली. या बंडखोर महासंघाचा अध्यक्ष कोण? वकील लुईजी बोझिनो, म्हणजे प्रो व्हेर्चेल्लीचाच अध्यक्ष! लहान गांवाचा हा क्लब त्या वेळीं स्वतःला मोठ्यांत मोजत होता. त्या वर्षींची महासंघाची स्पर्धा व्हेर्चेल्लीनें जिंकली. मूळ मंडळाची स्पर्धा नोव्ही लीगुरे या आणखी एका लहान गांवच्या नोव्हेसे संघानें जिंकली. मोठ्यांच्या भांडणाच्या सालीं दोन्हीं मुकुट खेड्यांच्या डोक्यावर गेले. १९२२ च्या उन्हाळ्यांत समेट झाला, बोझिनो एकत्रित मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि वरच्या वर्गाची काटछांट सुरू झाली. ज्या करवतीला व्हेर्चेल्लीनें धार लावून दिली, तिच्याखालीं एक दिवस आपली फांदी येईल, हें वकीलसाहेबांच्या ध्यानांत आलें नसावें.

प्रो व्हेर्चेल्लीला पैशानें मारलें, असें सर्रास सांगितलें जातें. हें खरें आहे, पण अर्धें. १९२३ सालीं रोझेत्ता जुव्हेंटसला गेला. त्याच वर्षीं जुव्हेंटसची सूत्रें फिआट कारखान्याच्या आन्येल्लि घराण्याकडे आलीं होतीं. नियमाप्रमाणें खेळाडू अद्याप हौशी होते. पैसे घेऊन क्लब बदलणें हा गुन्हा होता. मोठा गाजावाजा झाला, रोझेत्ताला घेऊन खेळलेल्या सामन्यांचे गुण जुव्हेंटसला गमवावे लागले आणि त्या वर्षींचें अजिंक्यपद त्याच्या हातून गेलें. पण शिक्षा झाली ती एका हंगामापुरती. रोझेत्ता जुव्हेंटसकडेच राहिला. १९२६ सालच्या व्हियारेज्जो येथील सनदेनें खेळाडूंना मोबदला देणें कायदेशीर झालें. पूर्वीं व्हेर्चेल्लीचा पोरगा व्हेर्चेल्लीसाठीं खेळे, कारण दुसरीकडे जाण्यांत त्याचा लाभ नव्हता. आतां लाभ होता. ज्या क्लबाचें भांडवल म्हणजे केवळ गांवांतील मुलें, त्याचें भांडवल इतरांना विकत घेतां येऊं लागलें. या बदलाला दोष देणें सोपें आहे. पण गरीब घरच्या मुलानें आपल्या पायांची किंमत मागितली, तर त्याला कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें?

१९२९ सालीं सबंध देशाची एकच साखळी स्पर्धा सुरू झाली. ही ‘सेरी आ’. प्रो व्हेर्चेल्ली तिच्यांत पहिल्या दिवसापासून होता आणि सहा हंगाम टिकला. तो टिकला तो मुख्यतः सिल्व्हिओ पिओला या एका तरुणामुळें. पिओलाचा जन्म १९१३ सालीं जवळच्याच रोब्बिओ गांवीं झाला. वाढला तो व्हेर्चेल्लींत. १९३० च्या फेब्रुवारींत, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो बोलोन्याविरुद्ध पहिला सामना खेळला. उंच, हाडापेरानें मजबूत, दोन्ही पायांनीं आणि डोक्यानें सारखाच घातक. १९३३ च्या ऑक्टोबरांत फ्लॉरेन्सच्या संघावर व्हेर्चेल्लीनें सात गोल चढविले, त्यांतले सहा एकट्या पिओलाचे. व्हेर्चेल्लीकडून सेरी आच्या १२७ सामन्यांत त्यानें ५१ गोल केले. पिओलाला जगांतील सगळें सोनें दिलें तरी विकणार नाहीं, कारण तो विकला त्या दिवशीं गांवाची उतरण सुरू होईल, असें क्लबाच्या अध्यक्षांनीं म्हटल्याचें सांगतात.

१९३४ सालीं पिओला रोमला लात्सिओकडे गेला. फुटबॉल मंडळाचा तेव्हांचा अध्यक्ष जनरल व्हाक्कारो हा लात्सिओचा जुना पाठीराखा होता, आणि फॅसिस्ट राजवटींत राजधानीच्या क्लबाला हवा असलेला खेळाडू एका भाताच्या पेठेनें किती दिवस अडवून धरावा, यालाहि मर्यादा होती. एकवीस वर्षांपूर्वीं व्हेर्चेल्लीच्या सिंहांनीं सहा गोलांनीं लोळविलेला तोच हा लात्सिओ. १९३५ च्या मार्चमध्यें व्हिएन्ना येथें ऑस्ट्रियाविरुद्ध पिओला प्रथमच राष्ट्रीय संघांतून खेळला आणि त्यानें दोन गोल केले. त्याच हंगामाच्या अखेरीस प्रो व्हेर्चेल्ली सेरी आमधून खालीं घसरला. तो पुन्हां तेथवर कधींच पोंचला नाहीं. १९३८ च्या जूनमध्यें पॅरिस येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इटलीनें हंगेरीला ४ विरुद्ध २ असें हरविलें, त्यांतहि दोन गोल पिओलाचे. सेरी आमधील त्याच्या २७४ गोलांचा विक्रम अजून कोणास मोडतां आलेला नाहीं.

यापुढील हकीकत थोडक्यांत आटोपणें बरें. गांवानें खेळाडू जन्मास घालावे आणि शहरांनीं ते न्यावेत, हें चालूच राहिलें. पिएत्रो फेरारिस १९३८ च्या विश्वविजेत्या संघांत होता. एउजेबिओ कास्तिल्यानो तोरिनोच्या त्या अजोड संघांत चमकला आणि ४ मे १९४९ रोजीं सुपेर्गाच्या टेंकडीवरील विमान अपघातांत सोबत्यांसह गेला. क्लब १९४८ सालीं दुसऱ्या श्रेणींतूनहि बाहेर पडला आणि चौसष्ट वर्षें तिसऱ्या, चौथ्या, प्रसंगीं त्याहूनहि खालच्या श्रेणींत वणवणला. २०१० सालीं तर तो कर्जापायीं बुडालाच. तेव्हां प्रो बेल्व्हेदेरे नांवाच्या गांवांतल्याच दुसऱ्या क्लबानें आपलें नांव टाकून जुनें नांव, जुना पांढरा सदरा आणि १८९२ हा आंकडा धारण केला. हा खरा वारस कीं दत्तक, यावर गांवांत बराच खल झाला. दोन वर्षांनीं, २०१२ च्या जूनमध्यें, कार्पीला हरवून या संघानें दुसऱ्या श्रेणींत पाऊल टाकलें, तेव्हां तो वाद तूर्त मागें पडला. एका वर्षांत तो खालीं आला, २०१४ सालीं पुन्हां वर चढला, आणि २०१८ सालीं परत तिसऱ्या श्रेणींत आला.

पिओला आयुष्याच्या उत्तरार्धांत नोवारासाठीं खेळला आणि चाळीस वर्षांचा झाल्यावर, १९५४ सालीं, तेथेंच थांबला. १९९६ सालीं त्याचा मृत्यु झाल्यानंतर नोवारानें १९९७ सालीं आपल्या क्रीडांगणाला त्याचें नांव दिलें. व्हेर्चेल्लीनें १९९८ सालीं आपल्या. दोन्हीं गांवें एकमेकांपासून पंधरा मैलांच्या आंत आहेत आणि त्यांचें वैर शंभर वर्षांचें आहे. दोन्हीं संघांची गांठ पडते तेव्हां सामना कोठें आहे असें कोणी विचारल्यास, ‘पिओलावर’ या उत्तरानें कांहींच कळत नाहीं. कोणत्या पिओलावर, हें पुढें विचारावें लागतें.